साडेचारला बिघडलेली फाईल आणि रात्री अकराचा बॅकअप

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा संध्याकाळचे पावणेपाच झाले होते. कॉस्टिंगच्या एक्सेल शीटमध्ये एका पोराने फक्त दराचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारला, सेव्ह केलं, फाईल बंद केली आणि चहाला गेला. येऊन बघतो तर बाथ टॉवेलसमोर नॅपकिनचा दर आणि नॅपकिनसमोर बाथरोबचा. अनडू करायला फाईल उघडी नव्हती. "दादा, बॅकअप आहे ना आपल्याकडं?" होता की. पण तो काल रात्री अकराचा. आज सकाळपासून तिघांनी भरलेल्या साठेक ओळी त्यात कुठून येणार? रात्री नऊपर्यंत कागद समोर धरून त्यांनी त्या पुन्हा भरल्या.

चीड आणणारी गोष्ट ही की त्याच सर्व्हरवर ही फाईल दोन मिनिटांत परत आणायची सोय फुकट बसून होती. तिचं नाव शॅडो कॉपी, म्हणजे डेटाचे ठरावीक वेळी घेतलेले स्नॅपशॉट. विंडोज सर्व्हरमध्ये ती 2003च्या आवृत्तीपासून आहे, फक्त कुणी चालू केली नव्हती. त्या कारखान्यात नंतर जे जे बसवलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. पाच ते पन्नास माणसांच्या ऑफिसात, म्हणजे सीएंचं ऑफिस, यार्नचा व्यापारी, युनिफॉर्मचं गारमेंट युनिट अशा ठिकाणी, ते जवळपास जसंच्या तसं चालतं.

आधी स्नॅपशॉट म्हणजे काय ते नीट डोक्यात बसवा

हजेरीचं मस्टर डोळ्यासमोर आणा. सकाळी अकराला दिवाणजींनी ठरवलं की या क्षणाचं मस्टर आपल्याला नंतर बघता आलं पाहिजे. त्यासाठी ते अख्ख्या मस्टरची झेरॉक्स काढत नाहीत. एवढंच ठरवतात की यापुढे एखाद्या पानावर खाडाखोड करायची वेळ आली तर आधी जुन्या पानाची नक्कल खणात टाकायची, मग पानाला हात लावायचा. उद्या कुणी अकराचं मस्टर मागितलं, तर बदललेली पानं खणातून आणि बाकीची मूळ मस्टरमधून घेऊन ते समोर ठेवतात.

विंडोजची शॅडो कॉपी असंच करते, पानाऐवजी 16 केबीच्या तुकड्यांनी. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाईल सिस्टिम (डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धती) उलट्या बाजूने जातात. त्या नवा मजकूर नव्या जागी लिहितात आणि जुनी जागा सोडत नाहीत. परिणाम एकच. 400 जीबीच्या डेटाचा स्नॅपशॉटसुद्धा काही सेकंदांत होतो आणि घेतल्या क्षणी जवळजवळ जागा खात नाही.

आता यातली मेख बघा. न बदललेली पानं मूळ मस्टरमधूनच येतात. मस्टर जळालं तर खणातल्या चार नकलांना काय अर्थ? म्हणून डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला. "आम्ही शॅडो कॉपीची जागा दुसऱ्या डिस्कवर दिलीय, म्हणजे बॅकअप झालाच की," असं मला भलेभले सांगतात. झालेला नाही. दुसऱ्या डिस्कमुळे वेग मिळतो, सुरक्षितता अजिबात नाही. आणि रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम चालू राहावं म्हणून डेटा अनेक डिस्कांवर ठेवायची रचना, तिच्याबद्दल एकच सांगतो, रेड तुमची चूकही इमानेइतबारे दोन्ही डिस्कवर लिहितो.

पहिलं काम : डेटा कुठे आहे आणि रोज किती बदलतो

डेटा सी ड्राइव्हवर असेल तर आधी तो डी ड्राइव्हवर हलवा. सिस्टिमचा ड्राइव्ह अपडेटमुळे सतत बदलत राहतो आणि स्नॅपशॉटची जागा त्यातच संपते. डी ड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करणार असाल तर एनटीएफएस या विंडोजच्या फाईल सिस्टिमचा अलोकेशन युनिट साइज 16 केबी ठेवा. त्यापेक्षा लहान असेल तर डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेल्या फाईली सलग लावणारा प्रोग्रॅम) फिरला की विंडोजला वाटतं फाईली बदलल्या, आणि खण उगाच भरतो. चालू ड्राइव्हवर मात्र यासाठी फॉरमॅटचा घाट घालू नका, डीफ्रॅगचं वेळापत्रक बंद केलं तरी भागतं.

रोज किती बदलतं हे अंदाजाने ठरवू नका. रात्रीचा बॅकअप इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेलं उचलणारा, असेल तर त्याच्या गेल्या दोन आठवड्यांच्या फाईलींचा साइज बघा. रोज साधारण 4 जीबी येत असेल तर बारा दिवसांचे 48 जीबी झाले. त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 जीबी, धरून चाला. महिन्याची 11 आणि 20 तारीख जवळ आली, जीएसटीआर-1 आणि 3बीची घाई सुरू झाली, की हा आकडा फुगतो.

दुसरं काम : शॅडो कॉपी चालू करणं

सर्व्हरवर डी ड्राइव्हवर राइट क्लिक, कॉन्फिगर शॅडो कॉपीज. इनेबलवर लगेच क्लिक करू नका. आधी सेटिंग्जमध्ये जा. साठवण्याची जागा दुसऱ्या डिस्कवर द्यायची असेल तर ती आताच द्या, कारण नंतर बदलायची झाली तर आधीच्या सगळ्या कॉप्या पुसाव्या लागतात. लिमिट आपोआप ड्राइव्हच्या 10 टक्के येते. 1 टीबीच्या ड्राइव्हला वरच्या हिशोबात ती पुरते. नो लिमिट कधीच निवडू नका.

मग वेळापत्रक. मुळात ते सोमवार ते शुक्रवार, सकाळी 7 आणि दुपारी 12 असं येतं. सोलापुरात सकाळी सातला ऑफिसात झाडूवालीसुद्धा आलेली नसते, आणि शनिवारी तर आपण पूर्ण दिवस काम करतो. तेव्हा शनिवारवर टिक मारा आणि वेळा बदला. मी साधारण 10:30, 12, 1:45, 4 आणि 6 अशा ठेवतो. एका ड्राइव्हवर अशा 64च कॉप्या राहतात, 65वी आली की सगळ्यात जुनी जाते. रोज पाच म्हणजे साधारण बारा दिवसांचा कामाचा इतिहास हाताशी राहतो. दर अर्ध्या तासाला लावायचा मोह होतो, पण मग इतिहास तीन-चार दिवसांवर येतो आणि सर्व्हरही धापा टाकतो. तासाला एक याच्या पुढे जाऊ नका.

1:45ची वेळ मुद्दाम ठेवली आहे. जेवणाच्या सुट्टीत टॅली बंद असतं. स्नॅपशॉट टिपतो तो क्षण, आणि त्या क्षणी एखादा प्रोग्रॅम अर्धवट लिहीत असेल तर तेही तसंच अर्धवट टिपतो, वीज गेल्यावर मशीन जसं थांबतं तसं. एसक्यूएल सर्व्हरसारखे डेटाबेस विंडोजच्या या सेवेशी बोलतात आणि स्नॅपशॉटच्या आधी स्वतःला आवरून घेतात. प्रत्येक अकाउंटिंग सॉफ्टवेअरकडून ती अपेक्षा करू नका. डब्बा उघडायच्या आधी टॅलीतून बाहेर पडायची सवय अकाउंट्सच्या माणसांना लावा. बंद असलेल्या डेटाचा दिवसातून एक तरी स्वच्छ स्नॅपशॉट मिळतो.

एक आठवड्याने इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये व्होलस्नॅप नावाखाली दोन नंबर शोधा. 33 दिसला तर जागा अपुरी पडल्याने सर्वात जुनी कॉपी गेली. हे अधूनमधून चालतं, रोज दिसलं तर लिमिट वाढवा. 25 दिसला तर मात्र दचका. जागा वेळेत वाढू शकली नाही म्हणून त्या ड्राइव्हवरच्या सगळ्याच कॉप्या गेल्या, असा त्याचा अर्थ. हा प्रकार बहुतेक डिस्कवर एकदम मोठं काहीतरी ओतलं जातं तेव्हा होतो. लग्नाच्या व्हिडिओंचा फोल्डर ऑफिसच्या सर्व्हरवर "जरा दोन दिवस" ठेवणारे मालक मी पाहिले आहेत.

तिसरं काम : माणसांना शिकवणं

यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. स्नॅपशॉटचा फायदाच हा की आयटीवाल्याला न बोलवता फाईल परत मिळते. पण शिकवलं नाही तर हेच बटण नवं संकट आणतं.

वरच्या कारखान्यात मी पाच जणांना एका मशीनभोवती उभं केलं. नेटवर्कवरच्या फोल्डरमधल्या फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स. तारखा आणि वेळा दिसल्या. ज्याने सॉर्ट मारला होता त्याचाच हात थेट रिस्टोअरवर गेला.

"काय करायलास बे? थांब," स्टोअर्सचे काका ओरडले.

बरोबर ओरडले. रिस्टोअर म्हणजे आत्ताची फाईल जाऊन तिच्या जागी जुनी बसणार. मधल्या दोन तासांत दुसऱ्या कुणी केलेलं बरोबर कामही त्यात जाणार. म्हणून नियम असा लावला : आधी ओपन करून डोळ्यांनी बघायचं, मग कॉपी करून डेस्कटॉपवर वेगळ्या नावाने घ्यायचं, दोन्ही फाईली शेजारी ठेवून हवं ते उचलायचं. रिस्टोअरला हात लावायचा असेल तर आधी काकांना विचारायचं. काकांना संगणकातलं फारसं कळत नाही, पण घाई नसलेला तो एकच माणूस त्या ऑफिसात आहे.

फाईल डिलीटच झाली असेल तर लोक गोंधळतात, कारण राइट क्लिक करायला ती उरलेलीच नसते. तेव्हा ती ज्या फोल्डरमध्ये होती त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडायच्या आणि जुन्या वेळेचा फोल्डर ओपन करून त्यातून फाईल कॉपी करायची. फोल्डरवर रिस्टोअर मारलात तर आतल्या सगळ्या फाईली मागे जातील. आणखी एक, पगाराची शीट अशी कॉपी करून आणली की जिथे ठेवाल त्या फोल्डरचे परवाने, म्हणजे ती कोण उघडू शकतो ते, तिला लागू होतात. कॉमन फोल्डरमध्ये ठेवलीत तर दुपारपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचे पगार कळलेले असतील.

टॅलीचा डेटा परत आणताना तर चालू फोल्डरवर काहीही टाकू नका. जुना फोल्डर वेगळ्या जागी कॉपी करा, टॅलीत डेटाचा पाथ तात्पुरता तिकडे वळवा, कंपनी उघडते का बघा, ट्रायल बॅलन्स आणि शेवटच्या दोन-चार व्हाउचरांची तारीख तपासा. जमतंय असं अकाउंटंट स्वतः म्हणाले की मगच अदलाबदल, आणि तेव्हाही बिघडलेला फोल्डर नाव बदलून आठवडाभर राहू द्या.

सर्व्हरवरच्या शॅडो कॉपीच्या खिडकीत रिव्हर्ट असंही एक बटण असतं. ते अख्खा ड्राइव्ह मागे नेतं आणि त्या वेळेनंतरच्या कॉप्याही गमावतं. माझ्या मते ते बटण विसरून जावं.

ऑफिसात विंडोज सर्व्हरऐवजी नॅस असेल तर

नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला, फाईली ठेवण्यापुरता डिस्कांचा डबा. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर व्हॉल्यूम (डेटाची जागा) बीटीआरएफएसचा असेल तरच शेअर्ड फोल्डरचे स्नॅपशॉट मिळतात. ईएक्सटी4 ही दुसरी फाईल सिस्टिम असेल तर जागच्या जागी बदलता येत नाही, डेटा बाहेर काढून व्हॉल्यूम नव्याने करावा लागतो. घेतानाच दुकानदाराला हे विचारा, नंतर वीकेंड जातो. डीएसएम या सिनॉलॉजीच्या सिस्टिमच्या 7.2 आवृत्तीपासून काही मॉडेलवर असा स्नॅपशॉट घेता येतो की ठरवलेले दिवस संपेपर्यंत तो ॲडमिनलाही पुसता येत नाही. ही सोय असेल तर लावाच, कारण पुढे येतं.

लिनक्सवर एलव्हीएमचे (डिस्कची जागा वाटणाऱ्या सोयीचे) जुन्या पद्धतीचे स्नॅपशॉट रोजच्या इतिहासासाठी ठेवू नका. त्यांना दिलेली जागा भरली की स्नॅपशॉट निकामीच होतो, शिवाय लिहिण्याचा वेग पडतो. बॅकअप चालू असेपर्यंत घ्यायचे आणि काढून टाकायचे एवढंच त्यांचं काम. इतिहास हवा असेल तर झेडएफएस घ्या आणि सांबाच्या, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमधून तोच इतिहास विंडोजच्या प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये दाखवा.

व्हर्च्युअल मशीनचा (एका संगणकात सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकाचा) स्नॅपशॉट ही पुन्हा वेगळीच चीज आहे. अपडेट टाकण्यापूर्वी घ्या, सगळं ठीक चाललं की काढा. अशी मशीनं चालवायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरचं स्वतःचंच म्हणणं आहे की एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

चौथं काम : खरा बॅकअप

आता दुसरी हकिकत, कमी गमतीची. एका व्यापाऱ्याकडे नॅसवर दर तासाला स्नॅपशॉट होते. ते बघून त्यांनी रात्रीचा बॅकअप बंद केला, "सगळं आहेच की त्यात" म्हणून. वळवाच्या पावसात एका संध्याकाळी वीज तीनदा आली-गेली, तिसऱ्यांदा आली ती जोरात आली, आणि नॅसच्या चारपैकी दोन डिस्क गेल्या. रेड 5 एक डिस्क गेलेली सोसतो, दोन नाही. महिनाभराचे स्नॅपशॉट त्याच डिस्कांवर होते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1चा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो : डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेबाहेर. यात स्नॅपशॉट मोजायचाच नाही. तो मूळ प्रतीचाच भाग आहे.

आपल्याकडच्या ऑफिसात मला पटलेली रचना अशी. एक प्रत ऑफिसातच वेगळ्या नॅसवर, रोज. दुसरी यूएसबी डिस्कवर, आणि अशा डिस्क दोन : एक ऑफिसात, एक मालकांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. डिस्क कारखाना एमआयडीसीत आणि घर जुळे सोलापुरात इतक्या अंतरावर राहू द्या, वरच्या मजल्यावरचं घर म्हणजे जागेबाहेर नव्हे. काम झालं की डिस्क काढून कपाटात. चोवीस तास लावून ठेवलेली डिस्क सर्व्हरबरोबरच जाते.

क्लाउडवर पाठवायचं असेल तर आधी गणित करा. 400 जीबी, अपलोडचा वेग 20 एमबीपीएस. सगळं सुरळीत गेलं तरी पहिली फेरी सुमारे 45 तासांची. ती शनिवारी संध्याकाळी लावा आणि ऑफिसच्या वेळेत वेगाला लगाम घाला. नंतर रोज फक्त बदल जातात, ते तासाभरात आटोपतात.

वेळेबद्दल एक खास आपल्याकडची अडचण. रात्री अकराचा बॅकअप लावलेला असतो आणि शेवटचा माणूस साडेसातला जाताना मेन स्विच पाडून जातो. मग सर्व्हर यूपीएसवर अर्धा तास तग धरतो आणि बसतो. अशी ऑफिसं मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. सर्व्हरची लाईन वेगळ्या एमसीबीवर घ्या, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा, आणि ते होईपर्यंत बॅकअप संध्याकाळी सव्वासहाला, म्हणजे सहाच्या स्नॅपशॉटनंतर, चालवा. मे महिन्यात पारा 43-44वर जातो तेव्हा एसी बंद केलेल्या बंद खोलीत रात्रभर डिस्क फिरवण्यापेक्षा तेही बरंच.

बॅकअप सॉफ्टवेअर आधी स्वतःच एक स्नॅपशॉट घेतं आणि त्यावरून प्रत काढतं. त्यामुळे उघड्या फाईलीही सुटत नाहीत. त्यासाठी सॉफ्टवेअरमधला व्हीएसएसचा (विंडोजच्या याच शॅडो कॉपी सेवेचा) पर्याय चालू आहे ना, एवढं एकदा बघा.

रॅन्समवेअर आलं तर स्नॅपशॉटवर विसंबू नका

रॅन्समवेअर म्हणजे फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. बहुतेक रॅन्समवेअर कुलूप लावतानाच सगळ्या शॅडो कॉप्या पुसायची आज्ञा देतं. मे 2017मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरनेही तेच केलं. त्यासाठी ॲडमिनचे अधिकार लागतात, आणि आपल्या ऑफिसांत ते कुणाकडे नसतात? रिसेप्शनच्या मशीनवरही ॲडमिनिस्ट्रेटर, पासवर्ड कंपनीचं नाव आणि 123.

तेव्हा तीन गोष्टी करा. रोजच्या कामाला साधे युजर ठेवा. नॅसचा ॲडमिन पासवर्ड सर्व्हरच्या पासवर्डपेक्षा वेगळा असू द्या आणि तो सर्व्हरवर कुठेच सेव्ह करू नका. आणि सर्व्हरने नॅसवर लिहिण्याऐवजी नॅसनेच सर्व्हरवरून डेटा ओढून घ्यावा असं लावा, म्हणजे सर्व्हर ताब्यात गेला तरी त्याच्या हाती नॅसची किल्ली नसते. त्यावर न पुसता येणारे स्नॅपशॉट असतील तर उत्तम. असा हल्ला झालाच, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावं लागतं, असा त्यांचा एप्रिल 2022चा आदेश आहे.

किती दिवस काय ठेवायचं

स्नॅपशॉट बारा दिवस, रोजचा बॅकअप एक महिना, महिन्याअखेरची प्रत वर्षभर, आणि 31 मार्चची प्रत वेगळ्या डिस्कवर. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने ठेवाव्या लागतात, कंपनी असेल तर हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं. कंपन्यांना हिशोबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवण्याचा नियमही ऑगस्ट 2022पासून आहे. तुमच्या क्लाउडचा डेटा कुठल्या देशात जातो ते त्यासाठी विचारून घ्या.

शेवटचं काम : महिन्यातून एकदा परत आणून बघणं

"बॅकअप सक्सेसफुल" असा रोजचा ईमेल म्हणजे प्रत काढली गेली एवढंच. ती उघडते का, हे उघडल्यावरच कळतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तीन गोष्टी करा : कालच्या स्नॅपशॉटमधून एक फाईल, रात्रीच्या बॅकअपमधून एक फोल्डर, आणि घरून आलेल्या डिस्कवरून अख्खी टॅली कंपनी दुसऱ्या मशीनवर. किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. वही कागदाचीच असू द्या, आणि कुठली डिस्क, कुठलं सॉफ्टवेअर, बॅकअपला पासवर्ड असेल तर तो कुणाकडे आहे, हे तिच्या पहिल्या पानावर असू द्या. सर्व्हर बंद पडल्यावर सर्व्हरवरची एक्सेल शीट उघडून पासवर्ड शोधणारे लोकही मी पाहिले आहेत.

त्या टॉवेलच्या कारखान्यात ही वही आता काकांच्या टेबलावर असते. मागच्या खेपेला तिसऱ्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : "टॅली उघडली. 50 मिनिटे. डिस्क क्र. 2 खरखर आवाज करते, नवीन मागवावी." मागवली, आणि जुनी नवीन येईपर्यंत वापरली नाही.